क्रीडा प्रशिक्षक नोकर की स्वतंत्र व्यावसायिक? हे कसे ठरवावे

बडोद्यात क्रिकेट, जलतरण किंवा मल्लखांबाचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांनी प्रशिक्षकाशी करार करताना त्यावर 'स्वतंत्र कंत्राटदार' असे लिहिले, तरी तेवढ्याने कायद्यातील प्रश्न सुटत नाही. न्यायालय काम प्रत्यक्षात कसे चालते हे पाहते. गुजरातमधल्याच ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली, मिठाच्या वजनावर मोबदला घेणारे आणि स्वतःचे मदतनीस ठेवणारे आगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे लोकसुद्धा, कामगारच ठरवले, कारण कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती.

म्हणून करार लिहिण्याआधी एका नेहमीच्या महिन्याची खरी नोंद करावी: वेळा कोण ठरवतो, सरावाचा आराखडा कोणाचा, जाळी, चेंडू, मॅट कोणाच्या, पालक फी कोणाकडे भरतात, प्रशिक्षकाला स्वतःच्या जागी दुसऱ्याला पाठवता येते का, आणि मुले घटली तर तोटा कोण सोसतो.

पंचाचे उत्तर सहसा सोपे असते. तो सामन्यागणिक मानधन घेतो, अनेक आयोजकांकडे जातो आणि निर्णय स्वतःच्या अधिकारात देतो. संस्थेच्या वेळापत्रकानुसार रोज रोलर फिरवणारा मैदान कर्मचारी मात्र नोकरच असतो.

खरा पेच प्रशिक्षकाचा आहे. तो दुसऱ्या क्लबमध्येही शिकवतो, एवढ्यावरून त्याला स्वतंत्र समजू नये, कारण 1973 च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या निकालात अन्यत्र काम करण्याची मोकळीक निर्णायक मानली गेली नव्हती, आणि दुकानाच्या जागेत, दुकानाच्या यंत्रांवर काम करणारे शिंपी दुकानाचे कर्मचारी ठरले होते. संस्थेच्या मैदानावर, संस्थेच्या साहित्याने, संस्थेने ठरवलेल्या वेळेत, दरमहा ठरावीक रक्कम घेऊन शिकवणारा प्रशिक्षक माझ्या मते कर्मचारी मानून चालावे. गुडघा दुखावला म्हणून घरी बसलेल्या माणसाला विम्याविना सोडणे न्याय्य नाही. याउलट जो जागा भाड्याने घेतो, फी स्वतः ठरवतो आणि नफातोटा स्वतः सोसतो, त्याच्याशी स्वतंत्र व्यावसायिक म्हणून करार करता येतो. त्यात अपघात विमा कोणी घ्यायचा हेही स्पष्ट लिहावे.

प्रशिक्षक आणि पंच यांचे मानधन आयकरासाठी 2008 पासून व्यावसायिक सेवेत धरले जाते, परंतु त्यानुसार कर कापल्याने कामगार कायद्यातील दर्जा बदलत नाही.

यानंतर माणसे मोजावीत. सर्वसाधारणपणे दहा कर्मचारी झाले की कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते, जिची वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपये आहे, आणि वीस झाले की भविष्य निर्वाह निधी. कंत्राटदारामार्फत आणलेली माणसे या मोजणीतून वगळू नयेत. नवीन कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या असल्याने नियुक्तिपत्राचा मसुदा कामगार सल्लागाराकडून तपासून घ्यावा, आणि प्रशिक्षकाच्या वेळा किंवा मोबदल्याची पद्धत बदलली की महिन्याची ती नोंद पुन्हा करावी.