क्रूझची केबिन निवडताना या चुका टाळा: प्रकार नंतर, जागा आधी

पहाटे साडेपाचला डोक्यावर कोणीतरी लोखंडी कपाट फरफटत नेतंय असा आवाज आला आणि मी दचकून उठले. मग दुसरं कपाट, मग तिसरं. समुद्र शांत होता, बाल्कनीचं दार बंद होतं, आवाज येत होता तो थेट छतातून. दुपारी वरच्या डेकवर गेले तेव्हा उलगडा झाला. आमच्या केबिनच्या नेमका वर पोहण्याचा तलाव होता आणि डेक धुण्यासाठी तिथल्या आरामखुर्च्या रोज पहाटे ओढून बाजूला केल्या जात होत्या.

त्या केबिनसाठी आम्ही आठवडाभर खल केला होता. खिडकी पुरेल की बाल्कनी हवीच, बाल्कनी लहान की मोठी, सगळं बोलून झालं होतं. जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, मात्र एकदाही उघडला नव्हता. आता कोणी मला 'कोणती केबिन घेऊ?' असं विचारलं, की माझा पहिला प्रश्न असतो: तिच्या वर काय आहे ते पाहिलंस का?

चूक पहिली: फक्त प्रकार बघून पैसे भरणं

ढोबळ प्रकार चार. खिडकी नसलेली इनसाइड केबिन, बंद काचेची ओशनव्ह्यू, बाल्कनी आणि मोठा, आलिशान स्वीट. बहुतेक जण या चारांतून एक ठरवतात आणि निवड झाली असं समजतात. पण एकाच प्रकारात वेगवेगळ्या कोडचे आठ-दहा उपप्रकार असतात आणि त्यांचे दरही वेगळे असतात. खोल्या आतून बऱ्याचदा सारख्याच, फरक असतो तो जागेचा: कितव्या डेकवर, आणि जहाजाच्या पुढे, मध्ये की मागे.

म्हणून डेक प्लॅन घेऊन बसा. तुमचा डेक, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा, असे तीन नकाशे शेजारी-शेजारी ठेवा. लिफ्ट आणि जिने बहुतेक डेकवर एकाखाली एक येतात, त्यामुळे ती खूण धरून तुमच्या केबिनपर्यंतचं अंतर मोजायचं आणि तेवढंच अंतर वरच्या आणि खालच्या नकाशावर मोजायचं. नकाशावर तुमचं बोट जिथे पडेल तिथे काय लिहिलंय? दोन्हीकडे केबिनच असतील तर ती केबिन डोळे मिटून घ्या. वर तलाव, बुफे, जिम किंवा धावण्याचा ट्रॅक असेल तर पहाटेची झोप गेली. खाली थिएटर किंवा नाइट क्लब असेल तर रात्रीची गेली. तिथल्या ड्रमचा ठोका गादीतून जाणवतो.

नकाशावर काहीच न लिहिलेली पांढरी जागा दिसली की जास्त सावध व्हा. ती जागा रिकामी नसते. तिथे स्वयंपाकघर, धुलाईखाना किंवा कर्मचाऱ्यांचं कोठार असू शकतं आणि तिथल्या ट्रॉल्या रात्रीही फिरतात.

दोन केबिनना आतून जोडणारं दार असेल तर प्लॅनवर तशी छोटी खूण असते. दोन्ही खोल्या आपल्याच कुटुंबाच्या असतील तर हे दार सोन्यासारखं. पलीकडे अनोळखी माणसं असतील तर त्यांचा टीव्ही, त्यांचा खोकला, त्यांचं भांडण, सगळं तुमच्या खोलीत ऐकू येतं. भिंतीइतका आवाज दार अडवत नाही.

अगदी पुढच्या टोकाला, खालच्या डेकवर केबिन घेतली तर आणखी एक त्रास. धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवण्यासाठी पुढच्या भागात पाण्याखाली आडवे पंखे असतात. ते सुरू झाले की आसपासच्या केबिन घुमायला लागतात, आणि जहाजं बंदरात शिरतात ती बहुतेक पहाटे. जिथे धक्का नसतो तिथे नांगराच्या साखळीचा खणखणाट. मागच्या टोकाला इंजिनाची आणि पंख्यांची थरथर जाणवू शकते. तरीही पाण्यावर उमटत जाणारी फेसाळ वाट बघत बसायची हौस असेल तर मागच्या टोकाची बाल्कनी घ्या, मला स्वतःला ती फार आवडते.

लिफ्टच्या अगदी समोर नको, पण फार दूरही नको. २०२४मध्ये सेवेत आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब आहे. सोबत गुडघे दुखणारी आई किंवा सासरे असतील तर प्रत्येक जेवणाला तो लांबलचक कॉरिडॉर चालणं किती जड जातं हे पहिल्याच दिवशी कळतं. त्यांच्यासाठी लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून केबिन बघा.

चूक दुसरी: बोट लागते हे माहीत असून उंचावर किंवा पुढे केबिन घेणं

जहाज लाटांवर सीसॉसारखं हलतं. पुढचं आणि मागचं टोक वर-खाली होतं, मधला भाग सर्वांत कमी. तसंच ते डावी-उजवीकडे डोलतं आणि जितकं उंच जाल तितका हेलकावा मोठा. म्हणजे सर्वांत स्थिर जागा मधोमध आणि खालच्या डेकवर. तिथल्या केबिन बहुतेक वेळा स्वस्तही असतात, तरी 'वरचं ते चांगलं' या समजुतीने लोक जास्त पैसे मोजून हेलकावे विकत घेतात. मोठ्या जहाजांना दोन्ही कुशीला पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांनी डावं-उजवं डोलणं पुष्कळ कमी होतं, पण टोकांचं वर-खाली होणं त्यांना आवरत नाही.

आतला कान शरीर हलतंय असं सांगतो आणि डोळ्यांसमोरची भिंत स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ होते. क्षितिज दिसलं की डोळ्यांनाही हालचाल पटते आणि बरं वाटतं. म्हणून ज्यांना हमखास बोट लागते त्यांनी इनसाइड केबिनपेक्षा मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खिडकीची केबिन बघावी.

चूक तिसरी: नावावर विश्वास ठेवणं

'खिडकी' म्हणजे समुद्र दिसेलच असं नाही. दृश्य अडवलेल्या केबिन स्वस्तात मिळतात, पण अडवणारी गोष्ट कोणती ते विचारा. काही ठिकाणी एखादा खांब असतो, काही ठिकाणी आख्खी लाइफबोट काचेला टेकल्यासारखी उभी असते आणि खोलीत दिवसभर तिच्या रंगाचा उजेड पडतो. फक्त उजेडच हवा असेल तर हा सौदा वाईट नाही.

'बाल्कनी'चंही तसंच. रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या २००९पासूनच्या ओएसिस वर्गातल्या जहाजांवर काही बाल्कन्या जहाजाच्या पोटातल्या बागेकडे किंवा मागच्या भागातल्या 'बोर्डवॉक' नावाच्या खुल्या चौकाकडे तोंड करून आहेत. गंमत म्हणून छान, पण समुद्राची आस धरून गेलात तर हिरमोड होईल. 'व्हर्च्युअल बाल्कनी' ही मुळात इनसाइड केबिन आहे. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बाहेरचं दृश्य दिसतं. २०१८च्या 'सेलिब्रिटी एज' या जहाजावर आलेल्या 'इन्फिनिट व्हरांडा'त वेगळी बाल्कनी नसतेच. खोलीच पार कडेपर्यंत जाते आणि बटण दाबलं की काचेचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो. खोली मोठी मिळते, पण बाहेर खुर्ची टाकून बसल्याचा आनंद ज्यांना हवा त्यांच्यासाठी ती नाही.

चूक चौथी: प्रवासाचा कार्यक्रम न बघता बाल्कनी घेणं, किंवा न घेणं

रोज नवं बंदर असेल, सकाळी आठला उतरून संध्याकाळी परत यायचं असेल, तर केबिन म्हणजे झोपायची आणि आंघोळीची जागा. अशा वेळी इनसाइड घ्या आणि वाचलेले पैसे बंदरांवर फिरण्यात घाला. इनसाइड केबिन म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण तिथल्या मिट्ट काळोखात लागते तशी गाढ झोप मला बाल्कनीच्या केबिनमध्ये कधी लागली नाही. फक्त सकाळ झालेली कळत नाही. बऱ्याच जहाजांवर टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल असतं, ते आवाज बंद करून लावून ठेवलं की उजाडलेलं कळतं.

नॉर्वेचे फ्योर्ड (डोंगरांमधल्या अरुंद खाड्या), अलास्काच्या हिमनद्या किंवा सलग तीन-चार दिवस समुद्रातच असलेला प्रवास असेल, तर बाल्कनीवर पैसे खर्च करा, वाया जाणार नाहीत. जहाजाच्या पुढच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड. व्हँकुव्हरहून उत्तरेला अलास्काकडे एकाच दिशेने जाणाऱ्या प्रवासात मुख्य किनारा उजव्या हाताला राहतो, परतीच्या दिशेला डाव्या. अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये मात्र जहाज हिमनदीसमोर हळूहळू वळवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दृश्य मिळतं. जिथून निघून तिथेच परत यायचं असतं त्या फेरीत बाजूवरून डोकेफोड करू नका.

लहान मुलं सोबत असतील तर एकच सांगते: बाल्कनीतल्या खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून लांब ठेवा आणि मुलांना तिथे एक मिनिटही एकटं सोडू नका.

चूक पाचवी: 'गॅरंटी' आणि अपग्रेडचा अर्थ न समजणं

गॅरंटी केबिन म्हणजे प्रकाराची हमी, जागेची नाही. नंबर कंपनी ठरवते, कधीकधी निघायच्या थोडेच दिवस आधी कळतो, आणि एकदा दिला की बदलून मिळेल अशी आशा धरू नये. एकट्या, गाढ झोपणाऱ्या माणसाने खुशाल घ्यावी. ज्याला बोट लागते, ज्याची झोप सावध आहे, ज्यांना दोन केबिन शेजारी-शेजारी हव्यात, त्यांनी हे चार पैसे वाचवू नयेत. दोन कुटुंबं दोन टोकांना गेलेली मी पाहिली आहेत.

अपग्रेडच्या बाबतीतही तीच फसगत होते. तुम्ही मेहनतीने मधली, शांत ओशनव्ह्यू निवडलेली असते आणि 'वरच्या प्रकारात' जायच्या आनंदात थेट टोकाची बाल्कनी पदरात पडते. जागा आवडली असेल तर बुकिंग करतानाच एजंटला सांगा, की आम्हाला न विचारता केबिन बदलू नका.

चौघांची केबिन घेताना तिसरा आणि चौथा पलंग कुठे आहे ते विचारा. बहुतेक वेळा तो छतातून खाली येतो आणि त्यावर शिडीने चढायचं असतं. एकट्याने जाणाऱ्याला दोघांच्या केबिनसाठी जवळजवळ दुप्पट भाडं पडू शकतं. २०१०च्या 'नॉर्वेजियन एपिक'वर एकट्यांसाठी छोट्या स्टुडिओ केबिन आल्या, तशा तुमच्या जहाजावर आहेत का ते बघा. व्हीलचेअर असेल तर रुंद दाराची खास केबिनच घ्या, साध्या केबिनच्या बाथरूमला उंबरठा असतो.

चूक झालीच असेल तर

पहिल्या दिवशीच, जहाज सुटायच्या सुमारास, गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा. तिसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीचा फारसा उपयोग होत नाही. जहाज भरलेलं असेल तर केबिन बदलता येत नाही, म्हणून मागणी नेमकी ठेवा: कोणता आवाज, किती वाजता, कुठून. खडखडणारं पॅनेल, पाइपचा ठोका, न चालणारा एसी यांच्यासाठी जहाजावर तंत्रज्ञ असतात आणि ते येतात.

दोन केबिनमधलं दार खडखडत असेल तर जाड कागदाची घट्ट घडी करून फटीत बसवा आणि खाली टॉवेलची गुंडाळी लावा. आवाज निम्मा होतो, हे मी स्वतः करून पाहिलंय. एसी गार करत नसेल तर आधी बाल्कनीचं दार नीट लागलंय का बघा, अनेक जहाजांवर ते उघडं राहिलं की एसी आपोआप बंद पडतो. आणि बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडू नका. वारा आरपार घुसतो आणि दार इतक्या जोरात आपटतं, की बोटं चेमटू शकतात.

मळमळ सुरू झाली तर केबिनमध्ये पडून राहू नका. मधल्या भागातल्या खुल्या डेकवर जा, क्षितिजाकडे नजर लावा, थोडं कोरडं काही खा.

केबिन बदलून मिळालीच, तर नव्या चावीबरोबर आणखी एक गोष्ट तिथल्या तिथे विचारून घ्या. आणीबाणीत जमायची जागा, म्हणजे मस्टर स्टेशन, सहसा केबिनप्रमाणे ठरलेलं असतं. तुमचं स्टेशन बदललंय का ते विचारा आणि सामान लावायच्या आधी तिथपर्यंत एकदा चालत जाऊन या.