दिवाळीआधी गिऱ्हाइकांचा डेटा क्लाउडवर नेताय? मग आधी एवढं उरकून घ्या

सगळ्या शाखांची बिलं एकत्र करायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या आवडीचा माल मेसेजवर सुचवायचा, तीन शाखांच्या एका साडीच्या दुकानाचं हे काम मी केलंय, त्यामुळे सांगतो, क्लाउड कुठलं घ्यायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, तिन्ही मोठ्या कंपन्यांचे (ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल) सर्व्हर मुंबई किंवा पुण्यात आहेतच, त्यात आठवडा घालवू नका. पहिलं काम म्हणजे मोबाईल नंबर. दुकानातलं बिल, वेबसाइटची ऑर्डर आणि व्हॉट्सॲपवरची चौकशी एकाच बाईंची आहे हे मशीनला कळायला दुसरा धागाच नाही. तर बिलिंगमधली यादी काढा आणि नुसती डोळ्याखालून घाला. एकाच्या सुरुवातीला +९१, एकाच्या सुरुवातीला शून्य, काही एक्सेलने ९.८२ई+०९ करून टाकलेले (तसेच सेव्ह झाले असतील तर गेलेच समजा, मूळ सॉफ्टवेअरमधून परत काढा, आणि या वेळी तो कॉलम टेक्स्ट ठेवा), आणि सगळ्यात जास्त खरेदी करणारं गिऱ्हाईक कोण तर ९९९९९९९९९९, कारण गर्दीच्या वेळी काउंटरवरचा पोरगा तेच दाबतो. त्याला ओरडू नका, नंबर न घेता बिल होईल अशी सोय करून द्या. तसंही नंबरसाठी गिऱ्हाइकाच्या मागे लागू नका असं केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय.

नावांचं वेगळंच. जुनी नोंद श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर क्लाउडवर ती नुसती अगम्य चिन्हं दिसतात, आधी युनिकोडमध्ये करून घ्या. आडनाव पुढे का मागे तेही एकदाच ठरवा. आणि एक नंबर म्हणजे एक माणूस असं धरू नका, आपल्याकडे अख्ख्या घराचा एकच नंबर असतो. आमच्याकडून एका काकूंना त्यांच्या वारलेल्या मिस्टरांच्या नावाने वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या, वर पैठणीवर सूट. काकू दुकानात आल्या आणि काहीच बोलल्या नाहीत, मोबाईल फक्त पुढे धरला. त्या दिवसापासून वाढदिवसाचे मेसेज बंद, आणि 'या नंबरला पाठवू नका' असा वेगळा कॉलम, तो काउंटरवरूनच एका क्लिकमध्ये भरता येतो.

मग मालाची नावं. पैठणी, पैठनी, पीटीएचएन, 'पै. सेमी' हे सगळं एकच आहे की वेगवेगळं हे तुम्हाला माहितीये, मशीनला नाही. एक दुपार बसून कोड लावा, कंटाळवाणं आहे पण बाईंना इरकल आवडते की नारायणपेठ हे त्यावरच कळणार. परत केलेला आणि बदलून दिलेला माल विक्रीतून वजा होतोय ना तेही बघा, नाहीतर जी साडी त्यांनी परत केली तसल्याच साड्या त्यांना दाखवत बसाल. रविवारी पैठणी घेतलेल्या बाईंना सोमवारी त्याच पैठणीवर वीस टक्के सूट असा मेसेज गेला की काय होतं ते सांगायला नको, म्हणून ताजं बिल असेल तर मेसेज थांबवायचा नियम पहिल्याच दिवशी टाका.

सिंक, म्हणजे शाखेचा डेटा क्लाउडवर चढवणं, कधी चालतं ते विचारा. आमचं रात्री दोनला लावलं होतं आणि नऊ दिवस एका शाखेचा डेटा येईना, सगळे इंटरनेटवाल्याला शिव्या देतायत, शेवटी कळलं की दुकान बंद करताना मामा मेन स्विच पाडून जातात. आता दुपारी साडेतीनला चालतं.

गिऱ्हाइकाच्या परवानगीचं हलक्यात घेऊ नका. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, दंडाची कमाल २५० कोटी. आपण काय घेतो आणि कशाला हे गिऱ्हाइकाला मराठीतून वाचायला मागायची सोय त्या कायद्यात आहे, तेव्हा चार ओळींचा साधा मजकूर आत्ताच लिहून ठेवा. एसएमएस पाठवणार असाल तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांचं नोंदणीचं पोर्टल) हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि टेम्प्लेट म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर यांची नोंदणी लागते, व्हॉट्सॲपचंही टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं, हे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात होत नसतं.

आणि पाठवायच्या आधी पन्नास नावांची यादी, कोणाला काय सुचवलंय त्यासकट, छापून दुकानातल्या सगळ्यात जुन्या सेल्समनच्या हातात द्या. आमच्या काकांनी सात नावं पेन्सिलने खोडली, आणि एका नावापुढे लिहिलं, 'यांना फोन करा, मेसेज वाचत नाहीत.'