अशिलाचा ओटीपी आपल्या फोनवर घेऊ नका

सांगलीत चार्टर्ड अकाउंटंट (सीए) म्हणून स्वतःची प्रॅक्टिस सुरू करून मला तेरा वर्षे झाली. नुकताच सीओपी, म्हणजे प्रॅक्टिसचा परवाना घेऊन कार्यालयाची पाटी लावणाऱ्या मुली ताण कसा सांभाळायचा असे विचारतात, तेव्हा त्यांना प्राणायाम किंवा पहाटे पाचला उठणे यांविषयी काही ऐकायचे असते. मी मात्र आधी एवढेच विचारते की, तुमच्या अशिलांच्या कर पोर्टलवरील खात्यांत मोबाइल क्रमांक कोणाचा नोंदवलेला आहे? दहापैकी सात-आठ जणींचे उत्तर ‘माझाच’ असे येते आणि मला माझी पाच वर्षे आठवतात.

महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापलेल्या कराचा भरणा, ११ला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र, २०ला जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र, ३० सप्टेंबरला कर लेखापरीक्षणाचा अहवाल, हे वेळापत्रक तुम्हाला पाठ असेलच. या तारखांनी माणूस थकतो, पण मोडत नाही, कारण त्या आधीपासून ठाऊक असतात. २०२५ साली आयकर विवरणपत्राची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर आणि शेवटी १६ सप्टेंबरवर गेली, त्यामुळे आमचे गौरी-गणपती विवरणपत्रांतच पार पडले. तरीही त्या वर्षी मी रात्री शांत झोपत होते. २०२२ साली मुदती तेवढ्याच होत्या आणि माझा रक्तदाब १५०/१०० होता.

फरक कशाचा, ते जरा सविस्तर सांगते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा मार्केट यार्डातल्या कित्येक हळद व्यापाऱ्यांकडे साधे बटणांचे फोन होते आणि ई-मेल म्हणजे काय, हे त्यांना त्यांच्या मुलांनी सांगावे लागत होते. ‘मॅडम, तुमचाच नंबर टाका की, आम्हाला कशाला त्रास,’ असे ते म्हणत, आणि मीही टाकत गेले. काम झटपट होई आणि ‘मॅडमकडे दिले की बघावे लागत नाही’ असे नाव होई. कंपन्यांच्या विवरणपत्रांना डिजिटल स्वाक्षरी लागते, पण एकल मालकी आणि भागीदारीचे व्यापारी ओटीपीनेच सही करतात. त्यामुळे पाच वर्षांत शंभराहून अधिक जणांची सही माझ्या पर्समध्ये येऊन बसली. राजापूरजवळच्या एका गावात चुलतबहिणीच्या लग्नाला गेले, तो दिवस नेमका २० तारखेचा होता. मंगलाष्टके चालू असताना मी रेंज मिळवण्यासाठी सड्यावर उभी राहून सांगलीतल्या आर्टिकलला, म्हणजे माझ्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवाराला, सहा-सहा आकडे वाचून दाखवत होते.

हे हसण्यावारी नेता आले असते, पण २०२२च्याच सप्टेंबरात खरा फटका बसला. एका व्यापाऱ्याने गोदाम बदलले होते आणि मला कळवले नव्हते. अधिकाऱ्यांना जुन्या पत्त्यावर कुलूप दिसले आणि जीएसटी नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस निघाली. उत्तराला कामकाजाचे सात दिवस होते. लेखापरीक्षणाच्या धांदलीत ती नोटीस माझ्या ई-मेलच्या ढिगात न उघडता पडून राहिली. नोंदवलेल्या ई-मेलवर गेलेली नोटीस बजावली गेली असेच कायदा मानतो, त्यामुळे नोंदणी रद्द झाली, माल नेण्यासाठी लागणारे ई-वे बिल निघेना आणि गाड्या गोदामातच उभ्या राहिल्या. त्याने पत्ता न कळवल्याचा मुद्दा मी काढला, तेव्हा तो व्यापारी शांतपणे म्हणाला, “पण मॅडम, मेल तर तुमच्याकडेच येतो ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. नोंदणी पूर्ववत होईपर्यंत सात आठवडे गेले आणि अशील तर गेलाच.

ज्यांच्याकडे मी आर्टिकलशिप केली, ते सर सांगत की, सीएचा फोन कधी बंद नसावा. सरांचा डबा दुपारी एक वाजता घरून येत असे आणि त्यांच्या मुलांची पालकसभा कधी असते, हे त्यांना ठाऊकही नव्हते. गुरूंविषयी आदर ठेवावा, पण त्यांचा दिनक्रम कोणाच्या श्रमांवर उभा होता, हे पाहिल्याशिवाय तो उचलू नये. अशिलांचे पोर्टलचे पासवर्ड गुपचूप साठवून ठेवण्याच्या ‘सोप्या युक्त्या’ शिकवणाऱ्यांपासून तर लांबच राहा.

आता उपाय. आयकर पोर्टलवर प्राथमिक संपर्क अशिलाचा आणि दुय्यम संपर्क कार्यालयाचा ठेवता येतो. जीएसटीत अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा क्रमांक आणि ई-मेल नॉन-कोअर, म्हणजे अधिकाऱ्याची मंजुरी न लागणाऱ्या दुरुस्तीतून बदलता येतात. अशिलाच्या ई-मेलवरून कार्यालयाच्या सामाईक ई-मेलवर पत्रे आपोआप पुढे जातील, अशी सोय एकदाच करून द्यावी. शिवाय दर सोमवारी आणि गुरुवारी आर्टिकलने प्रत्येक खाते उघडून नोटिसा पाहाव्यात, आणि त्यातही ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ हा वेगळा रकाना विसरू नये, कारण काही नोटिसा फक्त तिथेच येऊन बसतात. हे सर्व मी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, दिवसाला दोन खाती या वेगाने केले. तेवढेच झेपते, घाई करू नका.

अशील जातील ही भीती मलाही होती. दोघे गेले. बाकीचे प्रारंभी कुरकुरले, पण ओटीपी स्वतः द्यावा लागतो म्हटल्यावर ‘यंदा कर एवढा कसा?’ असे विचारू लागले. विक्रीची राहिलेली बिले त्यामुळेच वेळेत सापडू लागली आणि माझे काम उलट हलके झाले. फी वाढवण्याची हिंमतही मला त्यानंतरच झाली. एका सीएला वर्षाला ६० कर लेखापरीक्षणांची मर्यादा आहे, पण ती मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे. मी ४४ वरून ३० वर आले आणि उत्पन्न पहिल्या वर्षी घटले, दुसऱ्या वर्षी भरून आले. पहिले वर्ष कठीण जाते, हे लपवत नाही.

नव्या अशिलाशी पहिल्याच भेटीत बोलून घ्यावे. “सही तुमची आहे, तेव्हा ओटीपीही तुमच्याच फोनवर येईल,” एवढे वाक्य पुरते, आणि ते नियुक्तिपत्रातही लिहावे. समोर बाई पाहून ‘सर कधी येतील?’ असे विचारणाऱ्यालाही तेच वाक्य त्याच स्वरात सांगावे. अनोळखी माणसांना हे सांगणे सोपे असते. सासूबाईंच्या धाकट्या भावाचे किराणा दुकान मात्र अजून माझ्याच क्रमांकावर आहे, आणि दर महिन्याच्या २० तारखेला मामांचा ओटीपी माझ्याच फोनवर येतो.