गिटमध्ये चौघांचं काम एकाच्याच नावावर: शेवटी असं सुटलं

अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट, चौघांचा गट, विषय जिनिंगवर येणाऱ्या कापसाच्या गाड्यांची नोंद. राबत चौघंही होते, पण गिटच्या (कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) शॉर्टलॉगमध्ये, म्हणजे कोणाच्या नावावर किती काम या यादीत, सगळे कमिट (नोंदवलेले बदल) एकाच पोराचे.

गिटहबवर, म्हणजे कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटवर, चौघांना कोलॅबोरेटर (भागीदार) केलं, फरक शून्य. कामाची डायरी ठेवायला लावली, तर चारही डायऱ्या एकाच अक्षरात भरून आल्या. दोन आठवडे डोक्याला ताप झाला.

कमिटवरचं नाव गिटहबच्या लॉगिनवरून येत नाही, ते त्या पीसीच्या गिट कॉन्फिगमधून (सेटिंगमधून) येतं. लॅबमध्ये विंडोजचं लॉगिन सगळ्यांचं एकच, त्यामुळे पहिल्याने टाकलेलं ग्लोबल (त्या लॉगिनच्या सगळ्या फोल्डरना लागू होणारं) नाव सगळ्यांना चिकटलं.

क्रम हाच ठेवा. आधी ग्लोबल कॉन्फिगमधलं यूजर.नेम आणि यूजर.ईमेल अनसेट करा. मग ग्लोबलमध्येच यूजर.यूजकॉन्फिगओन्ली ट्रू करा; आता नाव न टाकता कमिट केला की गिट सरळ अडवतं. ही पायरी गाळली तर गिट विंडोजच्या लॉगिनवरून नाव स्वतःच ठरवू शकतं. नंतर कंट्रोल पॅनेलच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून गिटहबची जुनी नोंद काढा, नाहीतर पुश (कोड गिटहबवर चढवणं) पहिल्याच्याच खात्यातून जाईल. शेवटी प्रत्येकाने वेगळ्या फोल्डरमध्ये क्लोन करून (प्रोजेक्टची प्रत उतरवून) तिथे, ग्लोबल न लिहिता, आपलं नाव आणि गिटहबवरचाच ईमेल टाकायचा. फोल्डर एकच ठेवला तर पुन्हा तेच.

लाइट गेली आणि दोघं एकाच लॅपटॉपवर बसले, तर कमिट मेसेजखाली एक ओळ रिकामी सोडून इंग्रजी अक्षरांत 'को-ऑथर्ड-बाय:', पुढे जोडीदाराचं नाव आणि कोनी कंसात ईमेल.

जुने कमिट मेलमॅपने (नावं-ईमेल जुळवायच्या गिटच्या फाइलने) वेगळे होत नाहीत, कारण त्यांचा ईमेलही एकच असतो. तेवढ्या कामाची तोंडी घ्या.