युरोपला माल पाठवणाऱ्याने युरोपीय मध्यवर्ती बँकेची (ईसीबी) बैठक कशी वाचावी आणि दर कधी बांधावा

तासगावची द्राक्षे, सांगलीचा बेदाणा-हळद किंवा कुपवाड-साताऱ्याच्या एमआयडीसीतले मशीन केलेले सुटे भाग, यांचा सौदा युरोत ठरतो. मजुरी, औषधे आणि वीजबिल मात्र रुपयात भागते. सौदा आणि पैसे जमा होणे यांत दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्यात दर हलतो. बीजक 30,000 युरोचे असेल, तर युरो एक रुपयाने घसरला की 30,000 रुपये गेले. म्हणून ऑर्डर स्वीकारतानाच वहीत एक आकडा लिहून ठेवा: युरो किती रुपयांच्या खाली गेला की हा सौदा तोट्यात जातो. हा आकडा माहीत नसेल तर पुढचे वाचून काही उपयोग नाही.

आकडा काढताना जहाजभाडे वेगळे धरा, कारण ते बहुधा डॉलरमध्ये लागते. भाडे तुमच्याकडे असेल तर युरोची कमाई आणि डॉलरचा खर्च असे दोन हिशेब होतात.

युरो-रुपया हा दोन दरांचा गुणाकार

एका युरोला किती डॉलर आणि एका डॉलरला किती रुपये, या दोन दरांचा गुणाकार म्हणजे युरोचा रुपयातला भाव. 2025 च्या जानेवारीच्या सुरुवातीला युरो सुमारे 89 रुपयांना होता, जूनअखेर तो 100 च्या आसपास गेला. दोन्ही वेळा डॉलर 85 ते 86 रुपयांतच होता. म्हणजे सगळी वाढ युरो-डॉलरमधून आली: सुमारे 1.04 वरून 1.17 च्या पुढे. दुसऱ्या सहामाहीत उलटे झाले. युरो-डॉलर फारसा पुढे सरकला नाही, पण डिसेंबरमध्ये डॉलरने 90 रुपये ओलांडले.

याच काळातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जानेवारी ते जून 2025 मध्ये ईसीबीने चार वेळा पाव-पाव टक्का कपात केली आणि ठेवदर (बँकांनी ईसीबीकडे ठेवलेल्या पैशावरचा व्याजदर) 3 वरून 2 टक्क्यांवर आणला. ‘व्याजदर उतरला की चलन पडते’ असे धरून ज्याने घाईने सगळे युरो आगाऊ विकले असतील, त्याचा वाढीव भाव हुकला. कपात बाजाराने आधीच धरलेली होती. युरो वर नेला तो इतर कारणांनी: मार्चमध्ये जर्मनीने जाहीर केलेला मोठा सरकारी खर्च आणि 2 एप्रिलच्या अमेरिकी आयात शुल्काच्या घोषणेनंतर डॉलरवरचा उडालेला विश्वास. म्हणून कपात झाली का, एवढेच पाहू नका. बाजाराची जी अपेक्षा होती, त्याहून वेगळे काय घडले ते पाहा.

बैठकीच्या दिवशी

ईसीबीच्या पतधोरणाच्या बैठका वर्षातून आठ, साधारण सहा आठवड्यांनी होतात आणि निर्णय बहुतेक गुरुवारी येतो. हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी 6:45 ला निवेदन आणि 7:15 ला अध्यक्षा ख्रिस्तीन लगार्द यांची पत्रकार परिषद. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे पुढे गेली की दोन्ही एक तास आधी. द्राक्ष हंगाम नेमका या बदलाला आडवा येतो, तेव्हा वेळ तपासा.

मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या बैठकीत अर्थव्यवस्थेची वाढ आणि महागाई यांचे नवे अंदाजही येतात. या चार बैठका चुकवू नका. त्यात दोन वर्षे पुढचा महागाईचा अंदाज 2 टक्क्यांच्या खाली की वर, ते पाहा. 2 टक्के हे बँकेचे उद्दिष्ट आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 10.6 टक्क्यांवर गेली होती, म्हणून ठेवदर 2023 मध्ये 4 टक्क्यांपर्यंत न्यावा लागला. निवेदनाचा पहिला परिच्छेद मागच्या बैठकीच्या परिच्छेदाशेजारी ठेवून वाचा. कोणते वाक्य गेले, कोणते आले, यातच बहुतेक बातमी असते.

व्यापारातली ओढाताण मात्र महागाईवर दोन्ही बाजूंनी काम करते. जुलै 2025 च्या समझोत्यानुसार युरोपच्या बहुतेक मालावर अमेरिकेत 15 टक्के शुल्क ठरले. त्याने युरोपच्या कारखान्यांची मागणी घटते. अमेरिकेत न खपलेला चिनी माल युरोपकडे वळला तर भाव उतरतात. युरो महाग झाला तर आयात स्वस्त होते. तिन्ही गोष्टी कपातीकडे ढकलतात. युरोपने उलट शुल्क लावले किंवा तेल भडकले, तर दिशा बदलते. जर्मन गिऱ्हाईक असलेल्या सुटे भागवाल्यांनी यासोबत उत्पादन क्षेत्राचा पीएमआय (कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक) दर महिन्याला पाहावा. तो 50 च्या खाली असेल तर ऑर्डर पुढे ढकलल्या जाण्याची तयारी ठेवा. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षांत जर्मनीची अर्थव्यवस्था आकसली होती.

किती बांधायचे

बँकेत फॉरवर्ड करार करून पुढच्या तारखेचा दर आजच बांधता येतो. रुपयाचा व्याजदर युरोपेक्षा जास्त असल्याने निर्यातदाराला आजच्या भावावर थोडा प्रीमियम मिळतो. मानू, भाव 100 आणि व्याजातला फरक वर्षाला 3 टक्के. तीन महिन्यांनंतरचा दर साधारण 100.75, त्यातून बँकेचे मार्जिन वजा. ईसीबीने कपात केली आणि रिझर्व्ह बँक थांबली, तर हा प्रीमियम वाढतो. मार्जिन बोलून कमी होते, त्यासाठी दोन बँकांचे भाव एकाच वेळी मागवा.

पक्की किंमत आणि पक्की ऑर्डर असेल, जशी सुट्या भागांची, तर निम्मे ऑर्डरच्या दिवशी आणि पाव हिस्सा माल जहाजावर चढल्यावर बांधावा, असे आमचे मत आहे. उरलेले मोकळे ठेवा. द्राक्षाचे तसे नाही, त्याचा अंतिम भाव तिकडे विक्री झाल्यावर ठरतो. तिथे गिऱ्हाइकाने कबूल केलेल्या किमान हमी भावाइतकीच रक्कम बांधा. रॉटरडॅमला माल नरम निघाला आणि विक्रीचा हिशेब कमी आला, तर बांधलेले युरो तुमच्याकडे नसतात. करार रद्द करावा लागतो, आणि तेव्हा युरो चढलेला असेल तर फरक तुमच्या खिशातून जातो.

तारीखही एकच घेऊ नका. तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला दहा-पंधरा दिवस जास्त लागतात आणि पैसेही तेवढे उशिरा येतात. महिनाभराच्या मुदतीत कोणत्याही दिवशी युरो देता येतील असा करार मागा. त्यात प्रीमियम मुदतीच्या पहिल्या तारखेपर्यंतचाच मिळतो, तरी रद्द करण्याच्या खर्चापेक्षा हे परवडते.

फॉरवर्ड नको असेल तर माल तयार करण्यासाठीचे कर्ज युरोतच घेता येते. त्याचे व्याज युरिबॉरवर (युरोपातल्या बँकांचा आपापसातला कर्जदर) ठरते, म्हणून ईसीबीची कपात इथे थेट खिशात पडते. कर्जाची फेड येणाऱ्या युरोतून होते, तेवढ्यापुरती दराची चिंता मिटते. पैसे आल्यावर ते ईईएफसी खात्यात (निर्यातदाराचे परकी चलनातले खाते) ठेवून चढ्या भावाची वाट पाहता येते, पण पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंतच. त्यानंतर रुपयात बदलावेच लागतात.

बेदाणावाल्यांनी तुर्कस्तानच्या लिऱ्यावरही नजर ठेवावी. लिरा पडला की तिकडचा बेदाणा युरोत स्वस्त होतो आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे सूट मागते. ब्रिटनला माल जात असेल तर तो हिशेब पौंडाचा, आणि निर्णय बँक ऑफ इंग्लंडचा: हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी 5:30 ला, उन्हाळ्यात 4:30 ला.