गोव्यात जमीन घेताना या चुका टाळा

म्हापशात वीस वर्षे जमिनीचे कागद तपासतो आहे. कोर्टाची नोटीस घेऊन येणाऱ्या खरेदीदाराचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘मी पूर्ण पैसे मोजले, खरेदीखत नोंदवले, मग माझे काय चुकले?’ बहुतेकांचे एकच चुकलेले असते. त्यांनी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, हीच मालकी असे धरलेले असते.

हा उतारा १९६८ च्या जमीन महसूल कायद्याखालचा. त्यातली नोंद खरी आहे असे कायदा धरतो, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. म्युटेशन झाले, म्हणजे उताऱ्यावरचे नाव बदलले, म्हणूनही कोणी मालक होत नाही.

बार्देशमधले एक प्रकरण विसरता येत नाही. उताऱ्यावर एकट्या भावाचे नाव. डिचोलीच्या एका शिक्षकाने निवृत्तीचे पैसे घालून ते भाट, म्हणजे बागायत, घेतले. सगळा व्यवहार आठ दिवसांत उरकला, कारण दलालाने ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ असे सांगितले होते. दोन वर्षांनी मुंबईला दिलेली बहीण कोर्टात गेली. वडिलांच्या मिळकतीची वाटणी कधी झालीच नव्हती. गोव्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच आणि तो आजचा नव्हे, पोर्तुगीज दिवाणी संहितेपासूनचा. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक, म्हणून खतावर बहिणीबरोबर मेव्हण्याचीही सही लागत होती. इथे तर विकणाऱ्याच्या बायकोचीसुद्धा नव्हती.

शिक्षकाच्या बाजूने मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४१ मांडले गेले: वरवरच्या मालकाकडून सद्भावनेने घेतलेली जमीन खरेदीदाराकडेच राहते. पण त्या कलमाला दोन गोष्टी लागतात. खऱ्या मालकाच्या संमतीनेच तो माणूस मालक म्हणून वावरत असला पाहिजे आणि खरेदीदाराने वाजवी चौकशी केलेली असली पाहिजे. ‘बहीण आहे का, असे विचारले होते?’ या प्रश्नावर सर गप्प राहिले. सहा वर्षांनी तडजोड झाली आणि बहिणीच्या वाट्याचे पैसे त्यांनी दुसऱ्यांदा मोजले. त्या माणसाच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

तेव्हापासून फाईल आली की मी उतारा बाजूला ठेवतो. विकणाऱ्याच्या आजोबांपासून वंशावळ काढतो आणि प्रत्येक नावापुढे नवरा किंवा बायको लिहितो. वारसाहक्काचे खत किंवा इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातून झालेल्या वाटणीचा, निकाल मागतो. खतावर एक जरी सही कमी पडणार असेल, तरी इसाराची रक्कम द्यायची नाही.

दुसरी चूक, जुन्या कागदाचा पिवळेपणा पाहून विश्वास ठेवण्याची. परदेशात गेलेल्या किंवा मागे वारस न उरलेल्या मालकांच्या जमिनी बनावट जुनी खते करून विकल्या गेल्या. प्रकार इतके वाढले की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग नेमावा लागला. पोर्तुगीज काळच्या नोंदणीतले देस्क्रिसांव (जमिनीचे वर्णन) असो वा इन्स्क्रिसांव (मालकीची नोंद), विकणाऱ्याने दिलेल्या प्रतीवर विसंबू नका. स्वतः अर्ज करून प्रमाणित नक्कल काढा आणि चतुःसीमा आजच्या सर्व्हे नंबराशी ताडून पाहा. या कामाला महिने लागतात. ज्याला तेवढा धीर नाही, त्याने जमीन घेऊ नये.

मुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या साठेखतावर मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे स्पष्ट केले आहे. दावा चालू असलेली जमीन घेतलीत तर निकाल तुम्हालाही बांधतो. कोमुनिदादची, म्हणजे गावसंस्थेची सामायिक, जमीन कोणी खासगी म्हणून दाखवत असेल तर तिथूनच मागे फिरा.

आणि जागेवर जा, तेही दलालाला न घेता. भाटात घर दिसले तर आत राहणाऱ्याला विचारा, तुम्ही मुंडकार का, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारे? शेत असेल तर कसणाऱ्याला विचारा, कूळ का? ताबा दुसऱ्याचा असताना ‘मला माहीत नव्हते’ हे कोर्ट ऐकत नाही, कारण त्याचा ताबा हीच तुम्हाला सूचना मानली जाते. मी सकाळी जातो. तेव्हा माणसे घरी भेटतात आणि शेजारीही बोलतात.