ठाण्यात बसून कॅनडाच्या राजकारणावर वाद कसा घालावा

नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या गच्चीलगतच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा वाजता जी दहा-बारा माणसे जमतात, त्यांतील निम्म्यांची मुले ब्रॅम्प्टन, मिसिसागा किंवा कॅलगरी येथे स्थायिक झाली आहेत. त्यामुळे घोडबंदर रस्त्यावरील वाहतूककोंडीवरून सुरू झालेली चर्चा चहाचा दुसरा कप येईपर्यंत ओटावाला पोहोचलेली असते. टोरांटोत त्या वेळी मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि इकडे त्यांच्या पंतप्रधानांचा निकाल लागत असतो. ही चर्चा चालविण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे ती कशी फसते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. वाद कॅनडाचा असतो आणि मोजपट्टी मात्र दिल्लीची किंवा वॉशिंग्टनची वापरली जाते. ज्यांना असा वाद नीट घालायचा आहे, त्यांच्यासाठी अनुभवातून हाती आलेली पद्धत येथे मांडतो.

कोणत्याही धोरणावर मत देण्यापूर्वी तो विषय कोणाच्या अखत्यारीतील आहे, हे ठरवून घ्यावे. १८६७ च्या घटना अधिनियमातील ९१ वे कलम केंद्राचे आणि ९२ वे कलम प्रांतांचे विषय सांगते. संरक्षण, चलन, टपाल आणि फौजदारी कायदा ओटावाकडे, म्हणजे केंद्राकडे, आहेत. रुग्णालये, नगरपालिका आणि मालमत्तेचे कायदे प्रांतांकडे आहेत. शिक्षण ९३ व्या कलमाने प्रांतांना दिलेले आहे, तर शेती आणि स्थलांतर हे विषय ९५ व्या कलमानुसार दोघांचेही आहेत. आपल्या सातव्या अनुसूचीची सवय असलेल्या वाचकाला हे अवघड जाऊ नये. उरलेसुरले अधिकार केंद्राकडे ठेवण्याची कल्पना तर आपल्या घटनाकारांनी कॅनडाकडूनच घेतली, हे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कोणत्याही मुलाला पाठ असते.

बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांनी एकदा तावातावाने सांगितले, की ब्रॅम्प्टनमधील त्यांच्या लेकीला दीड वर्षापासून फॅमिली डॉक्टर मिळत नाही, तेव्हा ओटावातील लिबरल सरकार निकामी आहे. लेकीची अडचण खरी होती, पण निष्कर्षाचा पत्ता चुकला होता. आरोग्यसेवा चालविणे हे ऑन्टेरिओ प्रांताचे काम आहे आणि तेथे २०१८ पासून डग फोर्ड यांचे प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आहे. हे सांगितल्यावर काका उसळून म्हणाले, “म्हणजे ओटावा सुटले का?” ओटावाही सुटत नाही, कारण १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्यानुसार केंद्र प्रांतांना पैसे देते आणि त्यासोबत अटीही घालते. मग वाद असा मांडता येतो, की दिलेला पैसा पुरेसा होता का आणि प्रांताने तो कुठे खर्च केला. त्या दिवशी उरलेला तासभर आम्ही याच मुद्द्यावर बोललो, आणि गेल्या अनेक महिन्यांतील तो सर्वांत चांगला तास होता, असे माझे मत आहे.

विद्यार्थी व्हिसाचा प्रश्न आपल्या घरांना अधिक जवळचा आहे, आणि अखत्यारीचा गुंता समजून घेण्यासाठी त्याच्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. शिक्षण परवाना केंद्र सरकार देते. परंतु परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यास कोणती संस्था पात्र आहे, हे प्रांत ठरवतो. ऑन्टेरिओने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क दहा टक्क्यांनी कमी करून गोठविले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांच्या चढ्या शुल्कावर अधिकाधिक अवलंबून राहू लागली. पुढे घरभाडी भडकली, केंद्रावर टीका झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने परवान्यांवर मर्यादा घालून अर्जासोबत प्रांताचे प्रमाणपत्र जोडण्याची अट आणली. त्याच महिन्यापासून निर्वाहासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर गेली. पाठोपाठ ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२५ सालासाठीचे कायम निवासाचे उद्दिष्ट ५,००,००० वरून ३,९५,००० वर आणले गेले. आता “कॅनडाने आपल्या मुलांना फसविले” असे कोणी म्हणाले, तर मी विचारतो: कोणत्या कॅनडाने? परवाना देणाऱ्या, शुल्क गोठविणाऱ्या, की प्रवेश देऊन वर्ग भरणाऱ्या? तिघांची जबाबदारी वेगवेगळी आहे आणि प्रत्येकाविरुद्धचा पुरावाही वेगळा आणावा लागतो. ठाण्यातून मुले पाठविणाऱ्या सल्लागारांची जबाबदारी हा चौथा विषय आहे, पण तो आपल्याच अंगणातला असल्यामुळे त्यावर कोणी फारसे बोलत नाही.

निवडणुकीविषयी बोलताना आधी रंग सुधारून घ्यावेत. अमेरिकी वाहिन्या पाहणाऱ्यांच्या डोक्यात लाल म्हणजे उजवे आणि निळे म्हणजे डावे असे बसलेले असते. कॅनडात लिबरल लाल, कॉन्झर्व्हेटिव्ह निळे आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्ष नारिंगी आहे. मतदान आपल्यासारखेच, सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, या पद्धतीने होते. त्यामुळे २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळी देशभरात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मते अधिक पडली आणि जागा मात्र लिबरलांना अधिक मिळाल्या. यात लबाडी शोधू नये. ही पद्धत बदलू, असे आश्वासन जस्टिन ट्रूडो यांनी २०१५ च्या निवडणुकीत दिले होते आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ते सोडून दिले. टीका करायचीच असेल तर ती येथे करावी. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत ३४३ पैकी १६९ जागा मिळवून मार्क कार्नी यांचा लिबरल पक्ष बहुमताच्या १७२ या आकड्यापासून तीन जागा दूर राहिला. पुढे नोव्हेंबरमध्ये क्रिस द’आंत्रेमाँ हे नोव्हा स्कोशियाचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार लिबरल बाकांवर जाऊन बसले आणि त्यांची खासदारकी शाबूत राहिली, कारण तेथे पक्षांतरबंदी कायदा नाही. पक्षांतराविषयी ठाणेकरांना व्याख्यान देण्याचे कारण नाही; मात्र आपली दहावी अनुसूची तेथे लावून एखाद्या खासदाराला अपात्र ठरविण्याची घाई करू नये, एवढेच सांगतो. सिनेटच्या १०५ सदस्यांची नेमणूक होते आणि ते वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत राहतात, इतके माहीत असले तरी बहुतेक चर्चांना पुरते.

धोरणावरील वादात आकडा कोणता आहे यापेक्षा तो कशाचा आहे, हे विचारण्याची सवय लावावी. कार्बन कराच्या, म्हणजे इंधनावर आकारून कुटुंबांना काही परतावा देणाऱ्या केंद्राच्या कराच्या, वादात या सवयीचे मोल आम्हाला कळले. आमच्यापैकी एकाने सांगितले, की कर भरणाऱ्या बहुतेक कुटुंबांना त्याहून अधिक परतावा मिळतो; दुसऱ्याने सांगितले, की बहुतेक कुटुंबे तोट्यात जातात. दोघांनीही आधार म्हणून संसदीय अर्थसंकल्प अधिकाऱ्याचे, म्हणजे संसदेसाठी सरकारी हिशेब तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याचे, नाव घेतले आणि दोघेही खरे बोलत होते. त्या कार्यालयाने दोन हिशेब मांडले होते: एकात फक्त भरलेला कर आणि मिळालेला परतावा धरला होता, तर दुसऱ्यात कराचा रोजगारावर आणि उत्पन्नावर होणारा परिणामही जमेस धरला होता. ज्याला जो सोयीचा, तो त्याने उचलला. यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दुसऱ्या हिशेबात उद्योगांवरील कार्बन आकारणीचा परिणामही चुकून मिसळला गेल्याचे त्याच कार्यालयाने एप्रिल २०२४ मध्ये मान्य केले आणि ऑक्टोबरमध्ये सुधारित अहवाल काढून परिणाम आधीपेक्षा कमी दाखविला. जुना अहवाल मात्र भाषणांतून फिरतच राहिला. म्हणून अहवालाचे नाव ऐकल्याबरोबर त्याचा महिना आणि वर्ष विचारावे.

कर रद्द झाला, हे विधानही अर्धेच आहे. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकाच्या इंधनावरील आकारणी थांबली. मोठ्या उद्योगांवरील आकारणी सुरूच राहिली.

अल्बर्टाच्या तक्रारीवर बोलताना मराठी माणसाला विशेष सांभाळावे लागते, कारण ती त्याला ओळखीची वाटते. आम्ही कर भरायचा आणि पैसा दुसरीकडे जायचा, ही भाषा महाराष्ट्रात आपण वित्त आयोगाच्या प्रत्येक अहवालानंतर ऐकतो. कॅनडात १९५७ पासून समकरण निधीची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या प्रांतांना केंद्राने पैसे देण्याची, योजना आहे आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा क्युबेकला मिळतो. तरीही अल्बर्टाचे सरकार क्युबेकला धनादेश पाठवत नाही. देशभरातील करदात्यांनी केंद्राला दिलेल्या करातून केंद्र ही रक्कम देते, आणि अल्बर्टाचे योगदान अधिक दिसते, कारण तेथील माणसांचे उत्पन्न अधिक आहे. ऑक्टोबर २०२१ मधील सार्वमतात तेथील सुमारे ६२ टक्के मतदारांनी हे तत्त्व घटनेतून काढण्याच्या बाजूने कौल दिला. पण ते १९८२ च्या घटना अधिनियमाच्या ३६ व्या कलमात असल्यामुळे एका प्रांताच्या कौलाने निघत नाही. सूत्र अन्याय्य आहे, असा युक्तिवाद यानंतरही करता येतो, आणि तो चांगला करता येतो.

माध्यमांच्या पक्षपाताविषयी आमच्या खोलीत एक नियम आहे: ज्याला एखादी बातमी पक्षपाती म्हणायची आहे, त्याने तीतील नेमके वाक्य वाचून दाखवावे. “ते सीबीसी आहे, दुसरे काय लिहिणार,” हे खंडन धरले जात नाही. सीबीसी ही १९३६ मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक प्रसारण संस्था असून तिला दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक सरकारी निधी मिळतो. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पिएर पॉलिएव्हर यांनी तिच्या इंग्रजी सेवेचा निधी बंद करण्याचे आश्वासन दिले आहे, त्यामुळे त्यांच्याविषयीच्या तिच्या बातम्या डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात, हे मला मान्य आहे. तीच सावधगिरी दुसरीकडेही हवी. नॅशनल पोस्ट आणि टोरांटो सन ही दोन्ही पत्रे पोस्टमीडियाची आहेत आणि त्या कंपनीत एका अमेरिकी गुंतवणूक निधीची मोठी मालकी आहे. ग्लोब अँड मेल थॉमसन कुटुंबाच्या कंपनीकडे आहे. शिवाय २०१९ पासून खासगी वृत्तपत्रांनाही पत्रकारांच्या पगारासाठी केंद्राची करसवलत मिळते. म्हणजे सरकारी पैशाचा स्पर्श नसलेले सोवळे माध्यम शोधत बसण्यात अर्थ नाही. मालक कोण, यावरून संशय घ्यावा. निकाल मजकुरावरून द्यावा.

मजकूर तपासण्याची आमची रीत साधी आहे. एकाच घटनेच्या दोन पत्रांतील बातम्या छापून आणायच्या आणि लाल पेन्सिलीने फक्त क्रियापदे अधोरेखित करायची. मंत्र्याने “सांगितले”, “कबूल केले”, “दावा केला” की “फेटाळले”, यांतून वार्ताहराचा कल बहुधा दिसून येतो. मग विरोधी बाजूचे म्हणणे कितव्या परिच्छेदात आले आहे, ते मोजायचे. वार्ता आणि स्तंभलेख यांचे गठ्ठे आधीच वेगळे करावेत, कारण स्तंभलेखकाला बाजू असतेच आणि त्याबद्दल त्याला दोष देणे हास्यास्पद आहे. क्युबेकचा विषय असेल तर ला प्रेस किंवा ल दव्वार या फ्रेंच पत्रांचे भाषांतर काढून वाचावे. भाषांतर ओबडधोबड असले तरी तीच बातमी दुसऱ्या अंगाने दिसते.

मी स्वतः येथे तोंडघशी पडलेलो आहे. एका मंत्र्याने प्रश्न टाळल्याची चित्रफीत मी आमच्या व्हॉट्सॲप गटावर मोठ्या उत्साहाने पाठविली होती. कॅनडाच्या लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्नाला आणि उत्तराला प्रत्येकी जेमतेम ३५ सेकंद मिळतात. माझ्या चित्रफितीत उत्तराचे शेवटचे वाक्य कापलेले होते आणि नेमके त्याच वाक्यात उत्तर होते. संसदेच्या संकेतस्थळावरील अधिकृत कार्यवृत्त उघडले असते तर ते पाच मिनिटांत दिसले असते. तेव्हापासून चित्रफितीसोबत कार्यवृत्ताची तारीख दिल्याशिवाय मी काही पाठवत नाही. ज्यांना मूळ कामकाज पाहायचे असेल त्यांनी शुक्रवार निवडावा: त्या दिवशी ओटावात सकाळी सव्वाअकराला प्रश्नोत्तरे सुरू होतात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे पावणेनऊ आणि हिवाळ्यात पावणेदहा. इतर दिवशी मध्यरात्रीपर्यंत जागावे लागते. मुलांकडून माहिती मिळेल, या भरवशावरही फार राहू नये, कारण ऑनलाइन बातम्यांच्या कायद्यावरील वादामुळे ऑगस्ट २०२३ पासून मेटाने कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखविणे बंद केले आहे. मुलाला तेथे एकही बातमी दिसत नाही आणि बापाला येथे दहा येतात, अशी आमच्या बऱ्याच घरांची स्थिती आहे.

भारत आणि कॅनडा यांच्यातील तंट्यावर आवाज चढतातच. तेथे शब्दांच्या पायऱ्या सांभाळाव्यात: आरोप, आरोपपत्र आणि दोषसिद्धी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शीख फुटीरतावादी हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येशी भारताच्या हस्तकांचा संबंध असल्याबाबत १८ सप्टेंबर २०२३ रोजी ट्रूडो संसदेत बोलले, तो आरोप होता. भारताने तो फेटाळला. मे २०२४ मध्ये काही भारतीय नागरिकांना अटक होऊन त्यांच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला, ही पुढची पायरी. दोन्ही देशांतील माध्यमांनी या पायऱ्या आपापल्या सोयीने गाळल्या. कॅनडाच्या ढिलाईवर टीका करायची असेल तर त्यांचाच दस्तऐवज वापरावा. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे कनिष्क विमान घातपातात कोसळून ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्यातील बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती जॉन मेजर आयोगाने २०१० मध्ये तेथील यंत्रणांवर जे ताशेरे ओढले, त्यांच्याइतके धारदार वाक्य आपल्या वाहिन्यांवर सापडणार नाही, आणि समोरच्या कॅनडावासीयाला ते नाकारताही येत नाही.

चर्चा संपताना ज्या दाव्यांचा पडताळा झालेला नाही, ते आम्ही एका वहीत तारखेसह आणि दावा करणाऱ्याच्या सहीसह लिहून ठेवतो. दोन रविवारांत मूळ कागद आला नाही तर दावा खोडला जातो आणि तो पुन्हा वापरता येत नाही. गेल्या रविवारच्या पानावर दोनच नोंदी आहेत. त्यातील एक काकांची आहे आणि दुसरी माझी.